भट्टी गार होईपर्यंत

त्या वर्षी धुकं लवकर पडायला लागलं आणि उशिरापर्यंत रेंगाळायला लागलं. सकाळचे नऊ वाजले तरी नदीच्या अंगाला काही दिसायचं नाही. शेडमध्ये फळ्यांवर ओळीनं मांडलेली ओली कौलं तेवढी दिसायची, आणि त्यांच्यावर वाकलेली मावशी. ती एकेक कौल दोन्ही तळव्यांत धरून त्याची कूस बदलायची, निजलेल्या लेकराला जागं न करता दुसऱ्या अंथरुणावर ठेवावं तशी. शेडच्या मागं खड्ड्यात दोघं भाऊ माती तुडवत असायचे. त्यांना सगळे जोडगोळी म्हणत. ते दिसत नसत, पण चिखलातून पाय निघाल्याचा चप्प चप्प आवाज यायचा, आणि मधेच एकाचं खोकणं.

भट्टीचे मालक दादा. भट्टी छोटी, वडिलांच्या वेळची. हाताखाली चार माणसं: मावशी, जोडगोळी, आणि आगीपाशी तात्या. तात्या दादांच्या वडिलांपासून होता. ज्वाळेचा रंग बघून आत काय चाललंय ते सांगायचा. दादा लहान असताना त्यानंच त्यांना भट्टीच्या तोंडाशी बसवून सरपण कसं सारायचं ते शिकवलं होतं, म्हणून इतर सगळे दादांना अहो-जाहो करत आणि तात्या अरे-तुरे करी.

कौलं वाळायला वेळ लागत होता, पण दादांना धुक्याचा राग येत नव्हता. भाजून झाली तरी न्यायला कोण येणार होतं?

वर्षाच्या सुरुवातीला शहरातली एक बँक बसली. तिच्यापाठोपाठ दुसरी. मग कोण कुणाला देणं लागतो हे कुणालाच कळेना आणि सगळ्यांनी हात आखडता घेतला. चालू बांधकामं जिथल्या तिथं थांबली. दादा एकदा सायकल मारत शहराच्या वेशीपर्यंत जाऊन बघून आले. भिंती पुऱ्या, खिडक्यांना चौकटी, आणि वर मोकळं आभाळ, अशी घरं रांगेनं उभी होती. त्यातल्या एका घरात एक शेळी खिडकीतून तोंड काढून रस्त्याकडे बघत होती, जशी काही तीच भाडेकरू. दादा घरी येऊन बायकोला एवढंच सांगू शकले. शेळीचं.

नदीकाठी एकूण सात भट्ट्या. सहा विझल्या. सगळ्यांत मोठी चिमणीवाल्याची. त्यानं दोन वर्षांपूर्वीच कर्ज काढून उंच चिमणी बांधली होती आणि साच्याचं यंत्र आणलं होतं. त्यानं एका दिवसात चाळीस माणसं कमी केली. त्या संध्याकाळी दादांनी आपल्या चौघांना शेडमध्ये बोलावलं आणि म्हणाले, "मी कुणाला काढणार नाही. असेल त्यात भागवू. तुमचं घर म्हणजे माझं घर."

मावशीनं डोळ्यांना पदर लावला. जोडगोळीनं एकदम मान हलवली. तात्या विडी शोधत होता.

त्यानंतर दादांनी टेम्पो विकला. चौघांचे दिवस आठवड्याला सहाचे चार झाले, मग तीन. घरात दादांच्या बायकोनं, वहिनींनी, आधी स्वतःचं दूध बंद केलं, मग चहातलं. मुलगी शाळेच्या शेवटच्या वर्गात होती, तिनं बसचा पास काढणं सोडलं आणि धुक्यातून चालत जायला लागली. भट्टी महिन्यातून एकदा पेटायची, अर्धी भरून. धूर नदीवर आडवा पसरायचा आणि पलीकडच्या गावातली माणसं म्हणायची, त्यांची अजून चालू आहे.

ते वाक्य दादांच्या कानावर यायचं. त्यांना ते आवडायचं.

बँकांना सरकारनं सावरलं. मग मोटारींचे कारखाने सावरले. मग कधीतरी सरकारची नजर नदीकाठाकडे वळली. शाळेच्या मोठ्या वर्गात सभा झाली. कारकून तालुक्याच्या गावाहून आला होता, तरुण, थकलेला, बुटांना चिखल लागलेला. मुलांच्या बाकांवर मोठी माणसं गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. चिमणीवाला पहिल्या बाकावर होता, दादा खिडकीशी.

कारकुनानं कागद वाचला. ज्यांच्या भट्ट्या मंदीमुळे बंद पडल्या त्यांचं कर्ज सरकार उचलणार. वर पुन्हा उभं राहायला मदत. ज्या कामगारांना कामावरून कमी केलं त्यांना आठ महिने घरबसल्या निम्मा पगार, आणि घरातल्या माणसांच्या दवाखान्याचा खर्च. तीस तारखेला तपासणी. त्या दिवशी भट्टी बंद पाहिजे, माणसं कमी केलेली पाहिजेत.

मग तो एकेकाला पुढं बोलावून विचारू लागला. भट्टी कधी बंद केली? माणसं किती काढली? लोक आकडे सांगत होते, आणि ज्याचा आकडा मोठा त्याच्याकडे बाकीचे जरा मानानं बघत होते.

दादांची पाळी आली.

"कधी बंद केलीत?"

"चालू आहे."

कारकुनाची लेखणी थांबली. "चालू?"

"हो."

"माणसं किती काढलीत?"

"एकही नाही."

मागून कुणीतरी हसलं. वाईट हसणं नव्हतं. एखाद्यानं उलटा सदरा घालून यावं तसं हसणं होतं. कारकुनानं कागद खालीवर केले, जणू कुठंतरी या माणसासाठी रकाना असेल. मग म्हणाला, "मग तुम्हाला काही अडचणच नाही, साहेब. पुढचे कोण?"

दादा पुन्हा खिडकीशी जाऊन बसले. बाक इतकं बुटकं होतं की त्यांना आपले हात कुठं ठेवावेत ते कळेना.

परतताना चिमणीवाल्यानं गाडी थांबवली. "बस. चालत कुठं जातोस."

दोघं शाळेत एका वर्गात होते. काचेबाहेर धुकं होतं आणि गाडी पाण्याखालून चालल्यासारखी वाटत होती.

"तू मनात काय म्हणतोयस ते मला ठाऊक आहे," चिमणीवाला म्हणाला.

"मी काहीच म्हणत नाही."

"म्हण की. चिमणी बांध म्हणून मला कुणी सांगितलं होतं? मीच बांधली. हौसेनं बांधली. पण एक सांगतो तुला. मी एकटा बुडालो असतो ना, तर ती माझी चूक ठरली असती. सगळेच बुडालो, म्हणून ते संकट ठरलं. माझ्या हातात तेवढाच फरक होता." तो थोडा थांबला. "सहा महिने मी झोपलो नाही. बायको माझ्या उशाखालच्या गोळ्या मोजायची. आता मदत येतेय, घेणार. लाज वाटते, तरी घेणार."

दादा म्हणाले, "बरं करतोयस."

"तू पण घे. अजून चार दिवस आहेत. आग काढ, माणसांना कागद दे. कारकून हात लावून बघतो म्हणे. गार लागली की झालं."

दादांना उतरवून गाडी निघून गेली. तिचे दिवे धुक्यात थोडा वेळ दिसले.

भट्टीत माल आदल्या दिवशीच भरून झाला होता. तात्यानं तोंडाशी वाळकं सरपण रचून ठेवलं होतं आणि तो दादांचीच वाट बघत होता. दादांनी त्याला सभेचं काही सांगितलं नाही. काडी ओढली आणि पेटवलं.

पहिल्या दिवसाची आग म्हणजे नुसता उबारा. कौलांतला ओलावा बाहेर पडतो. भट्टीच्या माथ्यावरून पांढरी वाफ निघते, धुक्यात मिसळते, आणि कुठं एक संपलं आणि दुसरं सुरू झालं ते कळत नाही. दादा ओंडक्यावर बसून बघत राहिले. त्यांना वाटलं, आपण असेच बसून राहिलो तर तीस तारीख बाजूनं निघून जाईल, एखादी होडी जावी तशी.

दुसऱ्या दिवशी दुपारी मावशी घरी आली. वहिनी अंगणात कपडे वाळत घालत होत्या. मावशीनं पिळे हातात घेऊन झटकायला सुरुवात केली. तीन-चार कपडे झाल्यावर म्हणाली, "वहिनी, एक बोलू? राग मानू नका."

"बोल."

"माझ्या बहिणीचा नवरा चिमणीवाल्याकडं होता. त्याला काढला तेव्हा आम्ही सगळे रडलो. दादांनी आम्हाला ठेवलं म्हणून मी तिच्यासमोर जरा मिरवलेसुद्धा." तिनं एक चादर झटकली. "काल शाळेतल्या सभेत ठरलं, आता त्याला घरबसल्या निम्मा पगार मिळणार. मला तीन दिवसांचे मिळतात, ते त्याहून कमी आहेत. आणि दवाखाना फुकट. माझ्या माणसाच्या डोळ्यात सारा मोतीबिंदू भरलाय. काल त्यानं चहाचा कप टेबलाच्या कडेवर ठेवला, म्हणजे त्याला कड वाटली, ती तिथं नव्हतीच."

वहिनींनी चिमटा कपड्याला लावला.

"दादांचे उपकार आहेत," मावशी म्हणाली. "पण त्यांनी मला काढलं असतं तर बरं झालं असतं हो." आणि एवढं बोलून ती उरलेले पिळे तसेच बादलीत ठेवून निघून गेली.

सभेतली गोष्ट वहिनींना अशी कळली.

त्या तडक भट्टीवर गेल्या. ऊन धुक्यातून गाळून आल्यासारखं पिवळं पडलं होतं. दादा तोंडाशी सरपण सारत होते. त्यांच्या हातावरचे केस जळून गुळगुळीत झालेले, भुवया अर्ध्या. तात्या जरा लांब डोळे मिटून पडला होता.

"तुम्ही मला सांगितलं नाहीत."

दादांनी मागं न बघता विचारलं, "कोण बोललं? मावशी?"

"तिचं नाव घेऊ नका. तिनं किती दिवस गिळलं असेल ते."

"आपण कुणाकडून फुकट घेतलं नाही आजवर. ज्याची चूक त्यानं निस्तरायची. मी कर्ज काढलं नाही, चिमणी बांधली नाही. मी का हात पसरू?"

"तुमच्यापुरतं असतं तर मी चकार शब्द काढला नसता," वहिनी म्हणाल्या. "उपाशी राहा म्हणालात तर राहिले असते. पण तुम्ही चार घरं आपल्या अब्रूला बांधून ठेवलीत. ती बिचारी तुमच्यामुळे धड कामावरही नाहीत आणि धड सुटलीही नाहीत. कुणाला काढणार नाही म्हणालात त्या दिवशी तुम्हाला छान झोप लागली. मी बघितली. बाकीच्यांचं काय?"

दादांच्या हातातला ओंडका तसाच राहिला.

"विझवा ही," वहिनी म्हणाल्या.

"आत सहा हजार कौलं आहेत. अर्धी भाजलेली. ना माती, ना कौल."

"कुणी मागितलीत?"

दादा ओंडका खाली ठेवून उभे राहिले आणि बाजूला झाले. "तू सांग. तू म्हणशील ते. पाण्याची बादली तिथं आहे."

ते रागानं म्हणाले नव्हते. खरंच विचारत होते. वहिनींनी बादली उचलली आणि तोंडाशी आल्या. आत लाल होतं, आणि त्या लालीच्या आत, धगीनं लहरणाऱ्या हवेत, कौलांच्या रांगा पाण्याच्या तळाशी दिसाव्यात तशा हलत होत्या. गाल भाजायला लागले. त्या किती वेळ उभ्या होत्या त्यांना समजलं नाही. मुलीची फी त्यांच्या डोळ्यांपुढं आली, चाळणी झालेली चादर आली, कडेवरून पडलेला कप आला. बादलीतलं पाणी कोमट झालं.

त्यांनी बादली खाली ठेवली, पाण्यात हात घातले आणि तोंड धुतलं.

"माणसांना सोडा," त्या पदरानं तोंड पुसत म्हणाल्या. "आगीचं तुमचं तुम्ही बघा. पण माणसांना सोडा."

तात्याचे डोळे मिटलेलेच होते. पण तो म्हणाला, "तीन नंबरच्या भोकाशी लाकूड कमी पडतंय."

त्या संध्याकाळी मुलीनं चार कागद लिहिले. अक्षर तिचं सुरेख. दादा सांगत होते, ती लिहीत होती. कामावरून कमी करण्यात येत आहे. प्रत्येक कागदावर तेच. तिसऱ्या कागदाला तिनं विचारलं, "बाबा, 'नाइलाजानं' घालू का?" दादा म्हणाले, "नको. नाइलाज माझा आहे. त्यांच्या कागदावर कशाला."

दुसऱ्या दिवशी सकाळी चौघं शेडमध्ये उभे राहिले, पूर्वी उभे राहिले होते तसेच. दादांनी हातात कागद दिले. मावशीनं दोन्ही हातांनी घेतला आणि कपाळाला लावला. मग काय केलं ते लक्षात येऊन ओशाळली. जोडगोळीतल्या थोरल्यानं विचारलं, "म्हणजे आता खड्ड्यातली माती?"

"राहू दे."

"निम्मी तुडवून झालीय. सुकेल."

"सुकू दे."

तात्याला वाचता येत नव्हतं. त्यानं कागद उलटसुलट करून बघितला. "काय लिहिलंय?"

मुलगी पुढं झाली आणि तिनं वाचून दाखवलं. तात्या ऐकत राहिला. त्यानं कागदाच्या चार घड्या घातल्या आणि सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवला.

"बरं. मग आग कोण बघणार?"

"मी," दादा म्हणाले.

"तुला जमतं?"

"तुम्हीच शिकवलंत."

"शिकवलं होतं खरं," तात्या म्हणाला, आणि या बोलण्याचा अर्थ काय घ्यावा ते दादांना त्या दिवसभर कळलं नाही.

तिसरा दिवस आणि चौथा दिवस वहिनींना पुढं नीट आठवत नसत. आठवायचे ते तुकडे. सरपणाच्या ढिगापासून तोंडापर्यंतची पन्नास पावलं. खांद्यावरची साल निघालेली जागा. मुलगी ओंडका उचलताना ओठ दाबायची ते. आळीपाळीनं तासभर झोप, आणि त्या झोपेतही लाकडं वाहणं चालूच. जागं झालं की स्वप्नातली लाकडं कुठं ठेवली ते शोधावंसं वाटायचं. धुकं दिवसभर उठलं नाही. भट्टीभोवती तेवढं एक गोल उबदार अंगण उरलं होतं, बाकी जग पुसलेलं.

आणि पाचव्या दिवशी त्या अंगणाच्या कडेला, बांधावर, चौघं येऊन बसले होते.

तीस तारखेला सकाळी ते आले. बोलावलं कुणी नव्हतं. काम नाही म्हणजे सकाळी जायचं कुठं हे कुणालाच सुचलं नव्हतं. मावशीनं धुतलेली साडी नेसली होती. जोडगोळीनं केस विंचरले होते. हात मांडीवर ठेवून ते एका ओळीत बसले, फोटो काढायला बसावं तसे. हातांचं काय करायचं हा त्यांना प्रश्न पडलेला दिसत होता.

"घरी जा," वहिनी म्हणाल्या. "कारकून येणार आहे. काम करताना दिसलात तर सगळं जाईल."

"आम्ही कुठं काम करतोय," जोडगोळीतला धाकटा म्हणाला. "आम्ही बसलोय."

दादा सरपण सारत होते. त्यांचं चुकत होतं. चार दिवसांच्या जागरणानं डोळ्यांपुढं रंगच राहिले नव्हते. सगळं एकच पांढरट. तात्या बांधावरून ज्वाळेकडे टक लावून बघत होता. त्याचा गुडघा हलायला लागला. मग त्यानं घसा साफ केला आणि नदीकडे तोंड करून म्हणाला, "आज वारा खालून आहे बुवा."

दादा थांबले. खालचं झाकण त्यांनी निम्मं ओढून घेतलं.

थोड्या वेळानं तात्या पुन्हा नदीला म्हणाला, "डाव्या अंगाला पाणी उथळ दिसतंय. भर घालायला हवी."

दादांनी डावीकडे दोन ओंडके सारले. मावशी पदर तोंडाला लावून हसली. वहिनींनाही हसू आलं, किती दिवसांनी. तात्याची मुद्रा गंभीर होती. तो नदीशी बोलत होता, आणि नदीशी बोलायला कुठल्याच कागदानं मनाई केली नव्हती.

कारकून दुपारी आला. धुक्यातून आधी त्याची छत्री दिसली, मग तो. तो भट्टीपाशी गेला आणि नियमाप्रमाणे हात पुढं केला. वीतभर अंतरावरूनच त्यानं तो मागं घेतला.

"तुम्ही विझवली नाहीत."

"नाही," दादा म्हणाले.

"एक दिवस, साहेब. आजचा एक दिवस गार ठेवली असती तर." त्याच्या आवाजात कळकळ होती. दिवसभर तो गार भट्ट्यांना हात लावत फिरला होता. "मला अपात्र लिहावं लागेल."

"लिहा."

त्यानं लिहिलं. मग तो बांधाकडे वळला. "हे कोण?"

कारकून त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "हात दाखवा."

चौघांनी हात पुढं केले. मावशीच्या हातांवर वीस वर्षांत पहिल्यांदाच माती नव्हती. नखांच्या कडाही घासलेल्या. ते हात तिचेच आहेत असं वाटत नव्हतं. तात्यानं आतल्या खिशातून घडी काढून उलगडली आणि कारकुनाच्या पुढं धरली.

"आम्हाला काढलंय," तो म्हणाला.

चाळीस वर्षं तो त्या आगीसमोर बसला होता. त्याचा आवाज चढला नाही की उतरला नाही. दादांनी मात्र मान फिरवली आणि उगाच राख ओढायला लागले.

कारकुनानं कागद वाचला, परत दिला. "मग इथं काय करताय?"

"ऊब आहे," तात्या म्हणाला.

कारकुनानं खाली बघितलं. त्याचे बूट ओले होते. मग त्यानं चौघांची नावं लिहून घेतली, प्रत्येकापुढं बरोबरची खूण केली, आणि जाण्याआधी दोन मिनिटं तोही बांधावर बसला, पाय भट्टीकडे करून.

आग त्याच रात्री काढली. तोंडं मातीनं लिंपून टाकली. मग वाट बघणं. मोठी भट्टी असो की छोटी, आतली धग आपल्या गतीनंच जाते. दादा घरी येऊन झोपले ते दीड दिवस उठले नाहीत. रोज सकाळी वहिनी जाऊन भिंतीला तळवा लावून यायच्या. भट्टी गार झाली तेव्हा तारीख उलटून नऊ दिवस झाले होते.

माल तिघांनीच बाहेर काढला, चार दिवस लागले. पाचातलं एक कौल कच्चं होतं. तेवढं दादांना अपेक्षित होतं.

पुन्हा भट्टी भरायला माणसं नव्हती, आणि पैसाही. चिमणीवाल्याची चिमणी मात्र महिन्याभरात धूर सोडायला लागली. सरकारनं अर्धवट घरं पुरी करायला घेतली होती, कौलांचं मोठं काम त्याला मिळालं. त्यानं दादांना निरोप धाडला, आगीवर माणूस हवाय. दादा एक दिवस घरात बसून राहिले. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन गेले. पहिल्या आठवड्यात तिथं कुणीतरी त्यांना गमतीनं मालक म्हणून हाक मारली. ते हसले, पण त्या दिवशी डबा तसाच परत आला. पुढं पुढं येईनासा झाला. मुलीचा पास पुन्हा काढला. एकदा वहिनींना ते म्हणाले, "आग दुसऱ्याची असली की झोप बरी लागते." आणि त्यांचं त्यांनाच नवल वाटल्यासारखं ते भिंतीकडे बघत राहिले.

मावशीच्या नवऱ्याच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. तो आता कप टेबलाच्या मधोमध ठेवतो आणि तरी हात लावून बघतो. जोडगोळीतला धाकटा शहरात गेला, थोरला एकटाच सकाळचा काठावर फिरतो.

एका रविवारी तात्या दादांच्या अंगणात आला. धुकं सरलेलं होतं, ऊन नवं होतं. शेडबाहेर कौलांच्या थप्प्या तशाच होत्या.

"कौलं घ्यायची आहेत," तो म्हणाला.

"कुणासाठी?"

"मला. घरावर पत्रा आहे. उन्हाळ्यात माणूस शिजतो." तात्याच्या घरावर जन्मभर पत्राच होता हे दादांना ठाऊक होतं. त्यात काही वावगं आहे असं आजपर्यंत त्यांच्या मनात आलं नव्हतं.

"घेऊन जा की. विचारायचं काय."

"तसं नाही. विकत." तात्या थप्पीपाशी बसला. "चार महिने नुसता बसून पगार घेतला. पोट भरलं, नाही म्हणत नाही. पण तो पैसा हातात बसत नाही. त्याचं काहीतरी झालेलं दिसलं पाहिजे."

त्यानं एक कौल उचललं, बोटाच्या पेरानं वाजवलं, कानाशी धरलं आणि बाजूला ठेवलं. दुसरं वाजवलं. "हे कच्चं. कुणी भाजलं?"

"मीच."

"ते दिसतंच आहे."

असा तो दुपारपर्यंत एकेक कौल वाजवत बसला. भावावरून त्यानं वहिनींशी हुज्जत घातली, वहिनींनीही घातली. दहा कौलं त्या वर देत होत्या, ती त्यानं मोजून परत ठेवली. तेवढ्या महिन्यांतलं ते पहिलं गिऱ्हाईक.

पुढच्या रविवारी दादा तात्याच्या घरावर चढले. पत्रा काढून खाली टाकला. जुन्या वाशांवर नव्या पट्ट्या ठोकल्या आणि वळचणीपासून वर कौलं लावत निघाले. तात्या आत, खोलीच्या मधोमध, खाटेवर उताणा पडून बघत होता. तिथून त्यानं सांगायचं आणि दादांनी वरून सरकवायचं, असं ठरलं होतं. पण तात्या फारसं काही सांगत नव्हता. छत खालून वर मिटत चाललं होतं. खाटेवर ऊन होतं ते आखडत त्याच्या छातीवर आलं, मग गळ्याशी, मग नुसत्या कपाळावर.

शेवटी एक चौकोन उरला. त्यात आभाळ, आणि आभाळात दादांचं डोकं आणि त्यांच्या हातातलं कौल.

"ठेवू?" दादांनी विचारलं.

"थांब जरा."

दादा थांबले. खाली तात्या डोळे उघडे ठेवून वर बघत होता. एक पांढरा ढग त्या चौकोनाच्या एका कडेनं आत आला, अगदी सावकाश, आणि दुसऱ्या कडेनं निघून गेला.

"ठेव आता," तात्या म्हणाला.